ओला पत्रा, अख्खा पत्रा

उखर्डू मिस्त्री आपणहून दवाखान्याची पायरी चढणाऱ्यांतला नव्हता, म्हणून त्याच्या मुलीने त्याला चक्क फसवून नेलं.

दिपमाला धुळ्याच्या एका खाजगी इस्पितळात एक्स-रे काढायच्या कामावर आहे. संक्रांतीला ती शिंदखेड्याला आईवडिलांकडे आली, तेव्हा पाण्याचा हंडा अंगणातून ओट्यावर आणताना उखर्डू दोनदा थांबला, हे तिने पाहिलं.  पुढच्या आठवड्यात तिने फोन केला.

"आबा, आमच्याकडे नवीन मशीन आलीय. चालू करायच्या आधी एका धडधाकट माणसावर तपासून बघावी लागते. तुमच्याइतका दणकट माणूस मी दुसरा कुठून आणू?"

साठी उलटलेला उखर्डू दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पहिल्या एस.टी.ने धुळ्याला हजर झाला. मशीनसमोर छाती पुढे काढून उभा राहिला. सांगितलं तेव्हा श्वास धरला, सांगितलं तेव्हा सोडला. मग मुलीच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "काय वं, मशीन बरं शे ना?"

"मशीन एकदम बरी आहे, आबा," दिपमाला म्हणाली आणि डॉक्टर मॅडमना बोलवायला गेली.

मॅडमनी पडद्यावरचा फोटो बराच वेळ पाहिला, उखर्डूच्या पाठीला नळी लावून ऐकलं, बोटांची नखं बघितली, आणि मग एक साधा प्रश्न विचारला. "आबा, तुम्ही आयुष्यभर काम काय केलंत?"

हा प्रश्न त्याला कोणी कधी विचारलाच नव्हता. अकरा वर्षांपूर्वी खोकला सुरू झाला तेव्हाच्या डॉक्टरांनी बिडी विचारली, ताप विचारला, घरात कोणाला होता का ते विचारलं, आणि टीबी म्हणून सहा महिने गोळ्या चालू केल्या. त्या गोळ्यांनी लघवी लाल झाली, बिडी सुटली ती सुटलीच, खोकला मात्र होता तिथेच राहिला.

आता कोणीतरी कामाबद्दल विचारल्यावर उखर्डू खुलला. चौतीस वर्षं छपरावर सिमेंटचे पत्रे टाकले. नरडाण्यापासून दोंडाईच्यापर्यंत कोणतंही गोदाम दाखवा, कोणतीही शाळा दाखवा. पत्र्यावरून मी मांजरासारखा चालायचो, मॅडम, एकही पत्रा पायाखाली फुटला नाही. आधी हातकरवतीने कापायचो, मग ग्राइंडर आला. ग्राइंडर लावला की अशी पांढरी धूळ उडायची, की गिरणीतून दळण घेऊन आलाय का, असं लोक विचारायचे.

मॅडमनी त्याला मधेच थांबवलं नाही. पुन्हा एक मोठी तपासणी झाली, आठ दिवसांनी बापलेक दोघंही समोर बसले, आणि मॅडमनी सांगितलं, ते असं: या पत्र्यांत सिमेंटबरोबर अ‍ॅस्बेस्टॉस नावाचा दगडाचा धागा असतो. पत्रा नुसता छपरावर असतो तोवर धागा आत गप्प बसतो. कापला, फोडला, घासला की धागे सुटतात. केसापेक्षा कितीतरी बारीक. श्वासाबरोबर आत जातात आणि बाहेर येत नाहीत. पंचवीस-तीस वर्षांनी फुप्फुसं ठिकठिकाणी घट्ट होतात. तुमची झालीत. गेलेलं परत येणार नाही, पण आता धूळ कायमची बंद केली आणि दर वर्षी तपासत राहिलो, तर पुढचं सांभाळता येईल. कॅन्सरची शंका घेण्यासारखं आज काही दिसत नाही.

उखर्डू खुर्चीत पुढे सरकला. मग त्याने विचारलं, "म्हणजे मला टीबी नव्हता?"

"जुने कागद बघता, बहुतेक नव्हताच."

"नव्हताच!" उखर्डूने मांडीवर थाप मारली. दिपमालाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बाप खुर्चीत हसत होता. कारण टीबीच्या त्या सहा महिन्यांत त्याला सगळ्यात जास्त कशाने दुखवलं असेल, तर माणसांनी. भडगावचा सख्खा मेहुणा शालिग्राम घरी आला, दारातच उभा राहिला आणि पाण्याला सुद्धा नको म्हणाला. ते अकरा वर्षं उखर्डूच्या मनात होतं.

घरी आल्या आल्या त्याने बायकोला हाक मारली. "प्रमिला, ऐकं ना! माले टीबी नव्हताच!"

"मंग काय शे?"

"तेनापेक्षा मोठं नाव शे. माले बोलता येत नही."

प्रमिलाबाईंनी दिपमालाकडून सगळं नीट समजून घेतलं. मग त्या खालीच बसल्या. "मी तुमनी ताटली अलग ठेवेल व्हती," त्या म्हणाल्या. "सहा महिने." त्यांना हसू येत होतं आणि रडूही. उखर्डू म्हणाला, त्या ताटलीत वाढ आता, भूक लागलीय. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी होती. दोघं एकाच ताटलीत जेवले.

दिपमालाच्या डोक्यात मात्र दुसरंच काही चाललं होतं. "आई, आबांचे कामाचे कपडे कोण झटकायचं?"

"मीच ना. रोज संध्याकायले, निंबना झाडले आपटीसन." प्रमिलाबाईंनी हाताने करूनही दाखवलं. "धूर निंघे नुस्ता."

दिपमालाने दुसऱ्या दिवशी आईलाही धुळ्याला नेलं. प्रमिलाबाईंनी नवं लुगडं नेसलं, कारण फोटो काढायचा होता. मॅडम पडदा बघत होत्या, तोवर दिपमाला स्वतःचं एक एक नख कुरतडत होती. शेवटी प्रमिलाबाईंनीच विचारलं, "कसा उना फोटो?"

"तुमचा फोटो फार सुंदर आलाय," मॅडम म्हणाल्या. "वर्षातून एकदा काढत जाऊ." दिपमालाने बाहेर जाऊन तीन कप चहा सांगितला आणि त्यातले दोन स्वतःच प्यायली.

उखर्डूला मॅडमनी एक लस टोचली आणि श्वासाचा व्यायाम शिकवला: बशीतला गरम चहा फुंकतो तसा ओठांचा चंबू करून श्वास हळूहळू सोडायचा. तो दिवसातून चारदा ओट्यावर बसून नसलेला चहा फुंकू लागला. शेजारच्या बायका हसायच्या. तो म्हणायचा, हसा, पण आवाज कमी करा, मोजणं चुकतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या कानावर आलं, की झुंबरशेठच्या गोदामाचे पत्रे उतरवायचं बरेच दिवस रखडलेलं काम सुरू झालंय.

झुंबरलाल म्हणजे शिंदखेड्यातले जुने धान्याचे व्यापारी. त्यांचं गोदाम, पुढचं दुकान आणि मागचं घर, तिन्ही एकाच आवारात. गोदामावरचे दोनशेवीस पत्रे उखर्डूनेच टाकले होते, एक्क्याण्णव साली. आता ते काढून रंगीत टिनाचे पत्रे टाकायचे होते, आणि काम घेतलं होतं जीवरामने.

जीवराम म्हणजे उखर्डूचाच चेला. विसाव्या वर्षी हाताखाली आला, आता चव्वेचाळीसचा आहे. उखर्डूला छपरावर चढणं होईना तेव्हापासून मिस्त्री तोच. कामाला वाघ, तोंडात अखंड गुटखा, आणि उखर्डूला नाना म्हणतो ते अगदी मनापासून.

उखर्डूने एक्स-रेचा मोठा लिफाफा काखेत मारला आणि निघाला. गोदामापर्यंत पोचेस्तोवर त्याला चांगलीच धाप लागली होती. जीवराम वर चढलेला होता. गंजलेले हुक कापायला त्याने ग्राइंडर चालू केला होता आणि हुकाबरोबर पत्राही कापला जात होता. पांढरी धूळ खाली उतरत होती. खाली अंगणात खाटांवर झुंबरशेठच्या घरचे मुगाचे पापड वाळत होते. पलीकडे ओट्यावर शेठच्या आई सायरबाई सामायिकाला, म्हणजे जैनांच्या रोजच्या ध्यानाला, बसल्या होत्या. वय वर्षं चौऱ्याऐंशी, पांढरं लुगडं, तोंडावर मुहपत्तीची पांढरी चौकोनी पट्टी, हातात माळ, समोर वेळ मोजायची काचेची रेतीची घडी. रेती पूर्ण गळून जाईपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, त्या जागच्या हलत नसत आणि संसाराचा एक शब्द बोलत नसत.

"थांबा!" उखर्डू ओरडला. पण श्वासच नव्हता, तर आवाज कुठून येणार? ग्राइंडरच्या आवाजात ते कोणाला ऐकूच गेलं नाही. त्याने दुसऱ्यांदा प्रयत्न केला आणि नुसता खोकला आला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, भिंतीपाशी गेला आणि ग्राइंडरची पिन बोर्डातून उपसून काढली.

"लाइट गई!" वरून जीवराम म्हणाला.

एप्रिल महिना, शिंदखेडा. लाइट गेल्याचं कोणालाच नवल वाटलं नाही. वरची माणसं खाली उतरली, सावलीला बसली, कोणी तंबाखू काढली. पाच-सात मिनिटं गेल्यावर एकाच्या लक्षात आलं, की शेठच्या दुकानातला पंखा तर फिरतोय.

"पिन माझ्याकडे आहे," उखर्डू म्हणाला. तोवर त्याला बोलण्यापुरता दम आला होता.

झुंबरशेठ दुकानातून बाहेर आले. "काय हो मिस्त्री, काम का थांबवलं?"

उखर्डूने सांगायला सुरुवात केली. धुळीचं सांगितलं, धाग्याचं सांगितलं. जीवराम हसायला लागला. "नाना, तुम्हनी आंडेर, ती दिपमाला, तुम्हले वेडं करी राह्यनी. तीस वरीस तुम्हीच तर कापात!"

"हो, मिस्त्री," शेठ म्हणाले, "हे छप्पर घालताना तुम्ही याच अंगणात बसून कापले होते पत्रे. मला आठवतंय."

"म्हणून तर मी सांगतोय, शेठ. दुसऱ्याने सांगितलं असतं तर मीही हसलो असतो." उखर्डूने लिफाफ्यातून काळा फोटो काढला आणि उन्हाकडे धरला. "ही माझी छाती. हे खाली जाळ्यासारखं दिसतंय ना, ही ती धूळ. ह्या गोदामाची पण असेल त्यात थोडी."

मजूर उठून जवळ आले.  शेठनी चष्मा पुसून फोटो पाहिला. "पण मग काढायचे कसे? छप्पर तर बदलायचंच आहे."

"ओला पत्रा, अख्खा पत्रा," उखर्डू म्हणाला. "आधी पाणी मारायचं. ग्राइंडर नाही, हातोडा नाही. हुक खालून मोठ्या कात्रीने तोडायचे, पत्रा अख्खा उतरवायचा, जाड प्लास्टिकमध्ये बांधायचा. माणसांना तोंडावर चांगले मास्क. धुळ्याच्या मॅडमनी मला सगळं लिहून दिलंय."

"आणि दिवस?"

"दहा."

"दोन दिवसांचे दहा!" शेठ हादरले. जीवरामने मान हलवली. शेठ म्हणाले, "गोदाम आईच्या नावावर आहे. तिलाच विचारतो."

सगळ्यांनी ओट्याकडे पाहिलं. सायरबाई स्थिर बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं सगळं होतं, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. पण रेती अजून अर्धीही गळली नव्हती.

मग शेठ, उखर्डू, जीवराम आणि पाच मजूर, आठ गडी एका रेतीच्या घडीकडे बघत बसले.

त्या वेळात उखर्डूने जीवरामला बाजूला घेतलं. ग्राइंडर जीवरामच्या मांडीवरच होता.

"हाई मशीन तुले कोनी लई दिधं?"

"तुम्हीच, नाना. दोंडाईचाना बजारमा. बारा वरीस व्हई गयात."

"मीच दिधं. हातकरवतवर तुना हात दुखेत म्हनीसन." उखर्डूने ग्राइंडरवर हात ठेवला. "माले माहीत नव्हतं, जीवराम. आते माहीत शे. मनी छाती गई ती गई. तुनी मी मना हातखाल जाऊ देवाव नही."

जीवराम बराच वेळ ग्राइंडरची वायर गुंडाळत बसला. गुंडाळून झाली तरी पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळली. मग त्याने ग्राइंडर नेऊन टेम्पोच्या पुढच्या सीटखाली ठेवला आणि येऊन बसला.

रेती संपली. सायरबाईंनी हात जोडले, मुहपत्ती सोडून घडी घालून ठेवली आणि पहिल्यांदा पापडांकडे बघितलं. पापडांवर पिठासारखा पांढरा थर होता.

"आजचे सगळे पापड टाकून द्या," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "झुंबर, आ धूळ म्हारा आंगणा में कोनी उडेला." माझ्या अंगणात ही धूळ उडणार नाही.

आईला शेठ बाई म्हणत. "बाई, पण दहा दिवस लागतील."

"लागू दे. आपण पाणी गाळून पितो, एक चिलट मरू नये म्हणून दिवा झाकतो, आणि आपल्या छपरावर माणसं मरायला चढवतो?" साठ वर्षं शिंदखेड्यात काढलेल्या सायरबाई मराठी अगदी गावासारखं बोलत. मग त्या मजुरांकडे वळल्या. "मी इतकी वर्षं तोंडाला पट्टी बांधते. माझ्या श्वासाने हवेतल्या जिवाला दुखू नये म्हणून. तुम्ही बांधा, म्हणजे हवेने तुम्हाला दुखणार नाही. मला चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला जमतं, तुम्हाला काय धाड भरलीय?"



रविवारी दिपमाला मास्क घेऊन आली. जळगावच्या एका दुकानातून तिने ते मागवले होते. कापडी नव्हेत, रबराचे, दोन्ही गालांवर गोल डबे असलेले. तिने प्रत्येकाच्या तोंडावर बसवून, कडेने हवा जाते का ते हात लावून तपासलं. दोघांना दाढी काढायला लावली, कारण दाढीवर मास्क घट्ट बसत नाही. त्यातल्या एकाने मिशी तरी राहू दे म्हणून खूप विनवलं, आणि मिशी राहिली. जीवरामने मास्क लावून आरशात पाहिलं आणि म्हणाला, "नाना, मी माशीना मायेक दिसस." सगळ्यांनी फोटो काढले आणि गावच्या ग्रुपवर टाकले. जीवरामच्या बायकोने फोटोत त्याच्या शेजारी उभ्या असलेल्यालाच आपला नवरा समजलं, यावरून दोन दिवस हसणं चाललं.

उखर्डूला मात्र दिपमालाने अंगणात पाय ठेवायची बंदी केली. रस्त्यापलीकडे, वारा येतो त्या बाजूला, चिंचेखाली त्याची खुर्ची टाकली. ओरडायला दम नाही म्हणून गळ्यात शिट्टी दिली. एक शिट्टी म्हणजे पाणी मारा, दोन म्हणजे थांबा. पहिल्या दिवशी त्याने इतक्या शिट्ट्या वाजवल्या, की शाळा सुटल्यासारखं वाटून शेजारची पोरं गोळा झाली आणि त्यांना हाकलण्यासाठी पुन्हा शिट्टी वाजवावी लागली.

काम पहाटे साडेपाचला सुरू व्हायचं आणि ऊन तापायच्या आत, दहाला बंद. गोदामाच्या आतून मचाण बांधलं. वरून चालायचंच नाही, कारण ओला पत्रा घसरतो आणि जुना पत्रा दगा देतो. एक जण पंपाने पाणी फवारायचा, दोघं खालून हुक तोडायचे, तिघं मिळून पत्रा हातोहात उतरवायचे. पाण्याचा टँकर सांगावा लागला. एका तांब्यात तोंड धुणाऱ्या सायरबाई खिडकीच्या काचेतून ते पाणी बघायच्या, आणि त्यांना किती त्रास होतोय हे सगळ्यांना दिसायचं. पण टँकर त्यांनी थांबवला नाही. काम संपलं की मजुरांनी तिथेच, टाकीवर आंघोळ करायची, कामाचे कपडे तिथेच ओल्याने धुवायचे आणि स्वच्छ कपड्यात घरी जायचं. प्रमिलाबाई स्वतः एकदा सगळ्यांच्या घरी जाऊन बायकांना सांगून आल्या: कपडे घरी आणले तर उंबऱ्याच्या आत घेऊ नका, नवऱ्यालाही नाही.

एक अडचण निराळीच होती. मास्कमुळे गुटखा खाता येईना आणि थुंकता तर मुळीच येईना. पहिले दोन दिवस जीवरामचं डोकं दुखलं, तिसऱ्या दिवशी तो मजुरांवर खेकसला, पाचव्या दिवशी म्हणाला, जेवणाला चव लागते आहे.

सहाव्या दिवशी भडगावहून शालिग्राम टेम्पो घेऊन आला. उखर्डूच्या मनाला अकरा वर्षं खुपणारा तो मेहुणा हाच. शेठनी जुने पत्रे फुकट न्यायला सांगितलं होतं, आणि गेल्या दिवाळीत, काही माहीत नव्हतं तेव्हा, खुद्द उखर्डूनेच ते शालिग्रामला शेळ्यांच्या गोठ्यासाठी कबूल केले होते.

"दाजी, भरायला माणसं द्या," शालिग्राम म्हणाला.

"पत्रे मिळणार नाहीत," चिंचेखालून उखर्डू म्हणाला.

शालिग्रामला वाटलं थट्टा आहे. मग कळलं, नाही. तो तापला. भडगावहून इतकं डिझेल जाळून आलोय, शेळ्या उन्हात आहेत, आणि तुमच्या आजाराचं शेळ्यांना काय!

"शेळ्यांना काही नाही. पण पत्रा मापात बसवायला तू कापशील. भोकं पाडशील. तुझी सून गोठा झाडेल. मी आज तुला पत्रे दिले तर तीस वर्षांनी तुझ्या घरात असा फोटो निघेल." उखर्डूला एवढं बोलून धाप लागली. तो ओठांचा चंबू करून फुंकत बसला.

शालिग्राम रस्त्यावर उभा राहून ते बघत होता. दाजींना असं श्वासासाठी थांबलेलं त्याने कधी जवळून पाहिलंच नव्हतं. टीबीच्या भीतीने तो अकरा वर्षं दारातूनच परत जात आला होता. प्रमिलाबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी तांब्याभर पाणी भावापुढे धरलं. शालिग्रामने तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि पूर्ण संपवला. "अजून आहे का, अक्का?" तो म्हणाला.

गोठ्यासाठी शेवटी झुंबरशेठनी नव्या टिनातले जास्तीचे तुकडे आणि जुने बांबू दिले. शालिग्राम रात्री मुक्कामाला राहिला, दोन वाट्या शेवभाजी जास्त जेवला आणि सकाळी उखर्डूबरोबर शिट्टी वाजवायला चिंचेखाली बसला.

दहाचे बारा दिवस झाले. दोनशेवीस पत्र्यांपैकी तीन फुटले, तिन्ही ओले होते आणि लगेच गुंडाळले. जिल्ह्याबाहेरून घातक कचरा नेणाऱ्यांचा ट्रक आला आणि प्लास्टिकात बांधलेले गठ्ठे कागदपत्रांसह घेऊन गेला. तो कुठून मागवायचा हे शोधायला शेठना चाळीस फोन करावे लागले होते. त्यांनी कुरकुर केली, पण नंतर दुकानावर येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला ती चाळीस फोनांची हकीकत ते मोठ्या अभिमानाने सांगू लागले. नव्या छपराखाली सायरबाईंनी सगळ्यांना दालबाटी वाढायला लावली आणि मिशीवाल्याला दोनदा तूप घातलं.

जेवण झाल्यावर जीवराम उखर्डूजवळ येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "नाना, मी फोटो काढाव का?"

"काढ ना."

"आन दिसनं तं?"

हसणारा, माशीसारखा दिसतो म्हणणारा जीवराम हे विचारताना जमिनीकडे बघत होता.  दिसणार नाही, असं खोटं उखर्डूला सांगायचं नव्हतं. "दिसनं तं आपुन दोन्ही ओट्यावर बशीसन चहा फुकूत," तो शेवटी म्हणाला. "आन नही दिसनं तं तू एकटा खरा चहा पी. मी तुनासंगे येस."

सोमवारी दोघं धुळ्याला गेले. दिपमालाने फोटो काढला, मॅडमनी पाहिला. जीवराम बाकावर नानांचा हात धरून बसला होता आणि चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाने असा हात धरलाय याची त्याला शुद्ध नव्हती.

"आज तरी काही दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण हा आजार उशिरा उगवतो. दर वर्षी यायचं. आणि गुटखा सुटलाय म्हणे, तो सुटलेलाच ठेवा."

जीवराम बाहेर आला आणि इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसला. मग त्याने उखर्डूला विचारलं, भूक लागलीय का? दोघांनी स्टँडसमोर मिसळ खाल्ली. जीवरामने तीन वेळा रस्सा मागवला.

पावसाळा उलटल्यावर मॅडमनी फैजपूरला छपराच्या आणि बांधकामाच्या मजुरांसाठी एक सभा ठेवली. तिकडे केळीची गोदामं आणि त्यांवर हेच पत्रे. साठ-सत्तर माणसं आली. मॅडम थोडं बोलल्या आणि म्हणाल्या, आता उखर्डू मिस्त्री दहा मिनिटं सांगतील.

उखर्डूने आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. पहिल्यांदा त्याने त्यात चहा फुंकला, आणि सगळा हॉल हसला. मग तो सांगत गेला. ग्राइंडरचं सांगितलं, गोळ्यांचं, पापडांचं. दहाची वीस मिनिटं झाली. पत्र्याला आधी पाणी कसं मारायचं, हे सांगताना त्याचा श्वास संपला. तो वाक्याच्या मधोमध थांबला आणि टेबल धरून उभा राहिला.

पहिल्या रांगेतून जीवराम उठला, शेजारी येऊन उभा राहिला आणि ते वाक्य पुरं केलं. उखर्डूने श्वास घेतला, पुढचं बोलला. पुन्हा थांबला तिथून जीवरामने उचललं. असे दोघं मिळून तासभर बोलले. मागच्या रांगेतल्या एका मजुराने हात वर करून विचारलं, की मास्क मिळतात कुठे. तेव्हा दोघं एकदमच सांगायला लागले, आणि कोणाचंच काही ऐकू येईना.